शिक्षकखोलीतलं गणित

मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी यांपैकी कोणत्याही स्टेशनाबाहेर पडलं की अबॅकस क्लासची एक तरी पाटी दिसतेच. सोसायटीच्या तळमजल्यावर किंवा दुकानांच्या वरच्या माळ्यावर सहा-सात वर्षांची मुलं मण्यांच्या चौकटीवर बोटं फिरवत असतात आणि काही महिन्यांनी मणी नसतानाही हवेत बोटं हलवून दहा-दहा आकड्यांच्या बेरजा करतात. पालकांना हे ‘चिनी गणित’ वाटतं, म्हणजे वेग, शिस्त आणि भरपूर सराव. याच उपनगरांत गेल्या वीस वर्षांत आयबी आणि केंब्रिज बोर्डाच्या शाळाही वाढल्या. त्या पाठांतराऐवजी आकलन, प्रकल्प आणि मुलाने स्वतः शोधून काढणं यांचं आश्वासन देतात. मुंबई पालिकेनेही सीबीएसईबरोबर या बोर्डांकडे पाऊल टाकलं आहे. पालकांच्या मनात दोन खाती पक्की झाली आहेत. चीनकडे घोकंपट्टी आणि वेग, पश्चिमेकडे समज आणि मोकळीक. ज्यांना परवडतं ते दोन्ही विकत घेतात, सकाळी पाश्चात्त्य शाळा आणि संध्याकाळी चिनी क्लास. ही वाटणी मुळातच चुकीची आहे असं माझं म्हणणं आहे. चिनी वर्गांचा जवळून अभ्यास झाला तेव्हा त्यांचं बळ अगदी वेगळ्या ठिकाणी सापडलं, आणि ते ठिकाण आपल्या चर्चेत जवळजवळ कधीच येत नाही.

आधी निकाल पाहू, कारण सगळी चर्चा तिथूनच सुरू होते. १५ वर्षांच्या मुलांची पिसा ही आंतरराष्ट्रीय चाचणी शांघायने २००९ मध्ये पहिल्यांदा दिली आणि गणितात ६०० गुणांसह पहिला क्रमांक मिळवला. २०१२ मध्ये ६१३ गुणांनी तो राखला. विकसित देशांची सरासरी तेव्हा ४९५ च्या आसपास होती. २००९ च्या फेरीच्या पुढच्या टप्प्यात भारतातून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले. त्यांना अनुक्रमे ३५१ आणि ३३८ गुण मिळाले आणि दोन्ही राज्यं यादीच्या तळाशी गेली. नंतरच्या फेऱ्यांतून भारताने अंग काढून घेतलं. या आकड्यांवर एक आक्षेप रास्तपणे घेतला जातो. शांघाय म्हणजे चीन नाही. ते देशातल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एक आहे, आणि गावाकडून आलेल्या मजुरांच्या बऱ्याच मुलांना रहिवासाच्या नोंदणीमुळे तिथे वरच्या वर्गांत शिकता येत नाही, त्यामुळे ती चाचणीत मोजलीच जात नाहीत. आक्षेप खरा आहे, म्हणून क्रमवारीवर फार भार टाकू नये. पण क्रमवारी बाजूला ठेवली तरी वर्गाच्या आतला पुरावा उरतो, आणि माझ्या मते खरा पुरावा तोच आहे.

लिपिंग मा या शांघायमध्ये वाढल्या. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांना खेड्यात पाठवलं गेलं आणि तिथे त्या शिक्षिका झाल्या. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी दोन्ही देशांच्या प्राथमिक शिक्षकांना तेच चार प्रश्न विचारले आणि १९९९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. अमेरिकेतले शिक्षक २३ होते, चीनमधले ७२. अमेरिकी शिक्षक पदवीधर होते, काही पदव्युत्तर शिक्षण घेत होते. चिनी शिक्षकांचं शिक्षण नववीपर्यंत आणि वर दोन-तीन वर्षं अध्यापक विद्यालय, एवढंच. त्यांतला एक प्रश्न असा होता : पावणेदोन भागिले अर्धा. उदाहरण सोडवा आणि त्यावर एक गोष्टीरूप गणित तयार करा. ७२ च्या ७२ चिनी शिक्षकांचं उत्तर बरोबर आलं. अमेरिकेतल्या २१ जणांनी प्रयत्न केला, त्यांतल्या ९ जणांचं उत्तर पूर्ण बरोबर आलं. गोष्टीरूप गणित तयार करताना तफावत आणखी रुंदावली. अमेरिकेच्या २३ शिक्षकांत एकालाच अर्थाला धरून गणित सुचलं. चीनमध्ये ७२ पैकी ६५ जणांना ते जमलं, आणि अनेकांनी एकापेक्षा जास्त गणितं सांगितली.

हे गणित इथे थोडं उकलून पाहायला हवं. ‘छेद अंशाच्या जागी, अंश छेदाच्या जागी, मग गुणा’ ही ओळ आपल्या प्रत्येक पाचवी-सहावीच्या वर्गात ऐकू येते. उत्तर साडेतीन येतं. पण पावणेदोनला कशाने तरी भागलं आणि उत्तर वाढलं कसं, हा प्रश्न मुलाच्या मनात राहूनच जातो. बऱ्याच अमेरिकी शिक्षकांनी इथेच गफलत केली. पावणेदोन पोळ्या दोघांत वाटायच्या, असं गणित त्यांनी सांगितलं. ते दोनने भागणं झालं, अर्ध्याने नाही. चिनी शिक्षकांचं एक उत्तर साधारण असं होतं : पावणेदोन लिटर दुधाच्या अर्ध्या लिटरच्या किती पिशव्या होतील? साडेतीन. दुसरं याहून चांगलं होतं. एखाद्या गोष्टीचा अर्धा भाग पावणेदोन असेल, तर अख्खी गोष्ट केवढी? हे आपल्या बाजाराच्या भाषेत आणून बघा. घाटकोपरच्या मंडईत अर्धा किलो काजूतुकडा पावणेदोनशे रुपयांना असेल, तर किलोचा भाव साडेतीनशे. कोणत्याही आईला हे सांगावं लागत नाही. अर्ध्याचा भाव कळला की अख्ख्याचा दुप्पट, म्हणूनच अर्ध्याने भागायचं तर दोनने गुणायचं. ‘उलटा करून गुणा’ हा नियम या एका वाक्यातून उलगडतो. मराठी मुलाजवळ सव्वा, दीड, अडीच, पावणेदोन, साडेतीन हे शब्द शाळेत यायच्या आधीच असतात. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि साडेतीनची औटकी हे अपूर्णांकांचे पाढेच पाठ करून घेत. अपूर्णांक हा आपल्या बोलण्यातला रोजचा व्यवहार आहे. तरीही वर्गात तो अंश आणि छेद एवढाच उरतो, कारण बाजारातलं पावणेदोन आणि फळ्यावरचं पावणेदोन यांची गाठ घालून देणारं कोणी नसतं.

मा यांचा निष्कर्ष साधा आणि अस्वस्थ करणारा आहे. प्राथमिक गणित सोपं असतं, ते कोणीही शिकलेला माणूस शिकवू शकेल, हा समज खोटा आहे. त्यात खोली आहे, आणि ती ज्याला दिसते तोच मुलाच्या चुकीच्या मुळापर्यंत पोचतो. वजाबाकीचंच पाहा. ५२ मधून २७ वजा करायचे. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या घरातून एक उसना घ्यायचा, असं शिकवलेल्या मुलाला रीत येते, पण ५२ चं काय झालं हे कळत नाही. चिनी शिक्षक दशक मोडण्याबद्दल बोलतात : ५२ म्हणजे ४० आणि १२, संख्या तीच आहे, फक्त मांडणी बदलली. मग बारातून सात गेले पाच, चाळीसातून वीस गेले वीस, उत्तर २५. किंवा मोडलेल्या दहातून सात काढा, राहिलेल्या तिनात दोन मिळवा. किंवा ५२ मधून आधी दोन काढा, ५० झाले, मग उरलेले पाच काढा, ४५ झाले, मग वीस. त्या शिक्षकांना या वाटा ठाऊक होत्या, आणि कोणती कुठे सोयीची ते मुलांकडून वर्गात बोलून घेता येत होतं. एवढंच नाही, या उदाहरणाची खरी पायाभरणी पहिलीत होते, वीसच्या आतल्या वजाबाकीत, हेही त्यांनी आवर्जून सांगितलं. १३ वजा ७ ज्याचं डळमळीत, त्याचं ५२ वजा २७ कधीच पक्कं होणार नाही.

९५ शिक्षकांचा अभ्यास तो किती, असं कोणी म्हणेल. ते बरोबर आहे, आणि मा यांनीही तो सर्वेक्षण म्हणून मांडलेला नाही. पण २००८ मध्ये १७ देशांतल्या होऊ घातलेल्या शिक्षकांच्या गणिती ज्ञानाची तुलना झाली तेव्हाही प्राथमिक गटात तैवान आणि सिंगापूर वर होते. शिक्षकाला आपलं गणित किती खोल कळतं, हा धागा पूर्व आशियात वारंवार सापडतो.

मग प्रश्न उरतो की नववी आणि अध्यापक विद्यालय एवढ्या शिदोरीवर त्या शिक्षकांनी हे ज्ञान मिळवलं कुठून? याचं उत्तर माझ्या युक्तिवादाचा गाभा आहे. त्यांनी ते नोकरीत असताना मिळवलं. चिनी शहरांतल्या प्राथमिक शाळेत गणिताचा शिक्षक बहुतेक वेळा गणितच शिकवतो. शांघायमध्ये तो दिवसाला पस्तीस-चाळीस मिनिटांचे साधारण दोन तास घेतो. बाकीचा वेळ वह्या तपासणं, त्याच दिवशी मागे पडलेल्या मुलांना पुन्हा समजावणं आणि सहकाऱ्यांबरोबर पुढच्या पाठाची तयारी करणं यात जातो. गणिताच्या शिक्षकांची टेबलं बहुधा एकाच खोलीत असतात. त्यांचा अभ्यासगट असतो, तो ठरलेल्या वेळी बसतो आणि पाठ्यपुस्तकाचं एकेक पान घेऊन चर्चा करतो. हे उदाहरण आधी आणि ते नंतर का, यात आठच्या जागी सहा घेतले तर मुलं कुठे अडखळतील, असल्या बारीक गोष्टींवर. नवा शिक्षक जुन्याच्या वर्गात मागे बसतो, जुना नव्याच्या. कधी एकजण सगळ्यांसमोर पाठ घेतो आणि नंतर त्याची चिरफाड होते, ती माणसाची नव्हे तर पाठाची. जपानमध्ये हीच परंपरा वेगळ्या नावाने आणि आणखी नेमकेपणाने चालते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात जे दिसतं ते शिक्षकखोलीत आधी घडलेलं असतं.

हे लक्षात घेतलं की चिनी वर्गाबद्दलचं घोकंपट्टीचं चित्रही बदलतं. बाहेरून पाहणाऱ्याला ओळीत बसलेली मुलं, एका सुरात दिलेली उत्तरं आणि एका पाठात एकसारखी वाटणारी आठ-दहा उदाहरणं दिसतात. पण ती एकसारखी नसतात. शांघायच्या छिंगपू भागात गू लिंगयुआन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून वर्षानुवर्षं केलेल्या प्रयोगांतून या पद्धतीला शास्त्रीय रूप मिळालं. प्रत्येक उदाहरणात एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सारं तसंच ठेवायचं, म्हणजे बदललेली गोष्ट मुलाच्या नजरेत भरते. पाव शिकवताना चौरसाचे चार समान भाग दाखवतात, मग तोच चौरस तिरपा करून, मग त्याचे चार असमान भाग करून विचारतात, हा पाव आहे का? ‘नाही’ म्हणताना मुलाला कारण सांगावं लागतं, आणि ‘समान’ या शब्दाचं वजन तिथे कळतं. सराव आणि समज यांना एकमेकांविरुद्ध उभं करणं ही पाश्चात्त्य वादाची सवय आहे. अमेरिकेत तो वाद दशकानुदशकं चालू आहे, पाढे पाठ करावेत की नाहीत यावर पालकसभा तापतात. चिनी वर्गात विचारपूर्वक रचलेल्या सरावातूनच समज येते. आपल्याकडे ज्या पिढीने दिडकी-औटकी पाठ केली तिला हे पटायला जड जाऊ नये. मात्र अर्थाशिवाय केलेलं पाठांतर आपल्याच शाळांत किती निरुपयोगी ठरलं, हेही त्याच पिढीला माहीत आहे.

इथे एक गंभीर आक्षेप येतो : चिनी मुलांना भाषेचीच मदत आहे, शिक्षकांचं श्रेय कशाला? चिनीत ११ म्हणजे दहा-एक, ५२ म्हणजे पाच-दहा-दोन. बीजिंग आणि अमेरिकेतल्या एका शहरातल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांची तुलना १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. दहापर्यंत मोजण्यात दोन्हीकडची मुलं सारखीच होती. अकरापासून अमेरिकी मुलं मागे पडायला लागली, म्हणजे इंग्रजीतली अंकनामं जिथे वेडीवाकडी होतात नेमकं तिथेच. मग मराठीचं काय सांगावं? एकवीस ते नव्याण्णव हा जवळजवळ प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे लक्षात ठेवायचा. त्यात एककाचा उच्चार आधी, लिहिताना दशक आधी. म्हणून बावन्न ऐकून २५ लिहिणारी मुलं दुसरीच्या प्रत्येक वर्गात असतात. एकोणतीसपासून एकोणऐंशीपर्यंत एक कमीची रीत, आणि एकोणनव्वदच्या जागी बऱ्याच घरांत नव्याऐंशी. त्रेसष्ट, अडुसष्ट, चौऱ्याहत्तर यांतली जोडाक्षरं वेगळीच.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं नवं गणिताचं पुस्तक आलं आणि त्यात एकवीससोबत ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत दिली होती. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेलं होतं आणि मुलांसाठी गणितावर सोप्या मराठीत सातत्याने लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं होतं की जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने मुलांच्या मनात गणिताची भीती बसते, दक्षिणेच्या भाषांत ती अडचण नाही. महाराष्ट्रात त्यावरून गदारोळ झाला. मराठीची मोडतोड होते आहे, बावनकशी आणि पंचाहत्तरी हे शब्द उद्या कोणाला कळतील, अशी ओरड झाली. विधानसभेतही तो विषय गाजला आणि राजकीय कोट्यांचं निमित्त झाला. पुस्तकात जुनी नावंही होती, हे त्या गलक्यात कोणी नीट ऐकून घेतलं नाही. १९५१ मध्ये नॉर्वेने हाच बदल देशभर केला होता, ‘एक आणि वीस’ सोडून ‘वीस-एक’. नॉर्वेजियन भाषा त्याने बुडाली नाही आणि जुनी रीतही बोलण्यातून पूर्ण गेली नाही. नारळीकर बाईंचं २०२३ मध्ये निधन झालं. त्यांची सूचना योग्य होती असं माझं स्पष्ट मत आहे.

पण त्या वादात एक मोठी गोष्ट सुटली. अंकनामांची अडचण खरी असली तरी ती पहिली-दुसरीची आहे. पावणेदोन भागिले अर्धा शिकवताना चिनी भाषेतली अंकनामं कामी येत नाहीत, तिथे शिक्षकच लागतो. मुंबईच्या पालिका शाळा आठ माध्यमांत चालतात, आणि कित्येक ठिकाणी एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमं नांदतात. एका मजल्यावर ‘बावन्न’, दुसऱ्यावर हिंदी-गुजरातीतलं ‘बावन’, आणि जिथे दक्षिणेतलं माध्यम आहे तिथे तेलुगूतलं ‘याभै रेंडु’ किंवा कन्नडमधलं ‘ऐवत्तेरडु’, दोन्ही अगदी चिनीसारखी, पन्नास-दोन. जगातल्या कोणत्याही संशोधकाने हेवा करावा अशी ही परिस्थिती आहे. मराठी माध्यमाच्या बाईंनी वरच्या मजल्यावरच्या तेलुगू माध्यमाच्या बाईंना एवढंच विचारायला हवं की तुमची मुलं ५२ आणि २५ यांत गोंधळतात का, आणि नसतील तर पुढे नेमकी कुठे अडतात. अशी चर्चा घडावी यासाठी वेळापत्रकात जागाच ठेवलेली नसते. २०१९ मध्ये राज्यभर भांडण झालं ते शब्दांवर. ‘वीस एक’ वर्गात कसं वापरावं, दशकांच्या जुड्यांशी त्याची सांगड कशी घालावी, जुन्या नावांकडे कधी वळावं, यावर शिक्षकांनी एकत्र बसून किती काम केलं, हे विचारायला कोणी थांबलं नाही. नव्या पानाचं मोल तेवढंच, जेवढं ते शिकवणाऱ्याच्या हातात उमलतं.

अबॅकसकडे पुन्हा येऊ, कारण पालकांचे पैसे तिथे जातात. आपल्या क्लासमधली चौकट बहुतेक जपानी वळणाची असते, वर एक मणी आणि खाली चार. चिनी मणिगणनेला युनेस्कोने २०१३ मध्ये वारशाच्या यादीत घेतलं, तो सन्मान तिला शोभतोच. पण तिने मुलाचं गणित किती सुधारतं? याचा सर्वांत काटेकोर प्रयोग आपल्या शेजारीच झाला, बडोद्यात. एका शाळेतल्या सुमारे दोनशे मुलांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून एका गटाला तीन वर्षं मनातला अबॅकस शिकवला आणि दुसऱ्याला तितकाच वेळ नेहमीच्या पद्धतीने जादा गणित. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. अबॅकसच्या मुलांची आकडेमोड सुधारली, तिचा फायदा मुख्यतः ज्यांची दृश्य स्मरणशक्ती आधीच चांगली होती त्यांना झाला, आणि स्मरणशक्ती, एकाग्रता अशा मूळ क्षमतांत काही फरक पडला नाही. जाहिरातींतलं ‘ब्रेन डेव्हलपमेंट’ या प्रयोगात सापडलं नाही. मुलाला मणी आवडत असतील तर खुशाल शिकवावेत. मात्र शांघायच्या वर्गात जे घडतं ते यातून घरी येतं, अशी समजूत करून घेऊ नये.

आणखी एक आक्षेप, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. शिक्षणपद्धती उचलून दुसरीकडे लावता येते का? इंग्लंडने तो प्रयत्न केला. २०१४ पासून शांघायचे गणितशिक्षक इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत आले, तिथले शिक्षक शांघायला गेले. २०१६ मध्ये सरकारने आठ हजार प्राथमिक शाळांसाठी ४ कोटी १० लाख पौंड जाहीर केले, पुढच्याच वर्षी शांघायची पाठ्यपुस्तकंही इंग्रजीत निघाली. २०१९ च्या मूल्यमापनात लहान वर्गांत जिथे बदल मनापासून झाला तिथे थोडी सुधारणा आढळली, वरच्या प्राथमिक वर्गांत ठोस परिणाम दिसला नाही. यावरून कोणी म्हणेल, झालं, चिनी पद्धत चीनमध्येच चालते. माझं वाचन वेगळं आहे. पाठ, पुस्तक आणि वर्गातली शैली उचलता आली. शांघायच्या शिक्षकाला दिवसाकाठी मिळणारे तयारीचे तास, गणिताचाच शिक्षक असणं आणि वर्षानुवर्षं चालणारा अभ्यासगट हे दोन वर्षांत उचलता येत नाही. सुधारणा दिसली तीही जिथे बदल खोलवर गेला तिथे. त्या पुराव्याने माझी बाजू कमकुवत होत नाही.

पश्चिमेकडून शिकण्यासारखं काही नाही, असं यातून निघत नाही. चीनने २००१ मध्ये अभ्यासक्रम बदलला तेव्हा अमेरिकेतल्या गणितशिक्षकांच्या १९८९ च्या मानकांचा त्यावर ठसा होता. मुलांनी स्वतः प्रश्न उभे करावेत, व्यवहारातलं गणित मांडावं, अंदाज बांधावेत, हे सारं तिकडून आलं. मूलभूत ज्ञान आणि मूलभूत कौशल्य या जुन्या जोडीला २०११ मध्ये त्यांनी गणिती विचार आणि प्रत्यक्ष अनुभव यांची जोड दिली. चिनी समाजाने स्पर्धेच्या ताणाची किंमतही मोजली आहे. २०२१ मध्ये सरकारला नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी घालावी लागली, तो ताण घराघरात पोचला होता म्हणूनच. आपल्या उपनगरांतल्या मुलाचा दिवस पाहिला तर त्या ताणाची नक्कल आपण आधीच करून ठेवली आहे. नक्कल करायची तर त्या भागाची करू नये.

आता आपल्या घरात काय आहे ते पाहू. डी.एड. झालेले प्राथमिक शिक्षक भाषा, गणित, परिसर अभ्यास सगळं शिकवतात. शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, निवडणूक आणि आपत्तीची कामं वगळता बाकी अशैक्षणिक कामांना मनाई केली. पण मतदारयाद्या, माहिती भरणं, ॲपवर फोटो चढवणं यांतून शिक्षकाची सुटका झालेली नाही. गणितात मुलं मागे पडतात तेव्हा राज्याचा प्रतिसाद काय असतो, त्याचं उदाहरण २०२४ चा राज्य अभ्यासक्रम आराखडा. दहावीत गणित आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवर, गुणपत्रिकेत शेरा मारून, पुढे जाऊ देण्याची सूचना त्यात होती. मुलाचं वर्ष वाया जाऊ नये ही कळकळ समजते. पण ‘याला गणिताचं डोकंच नाही’ या घराघरांतल्या निकालावर त्याने सरकारी शिक्का बसतो. अमेरिका, जपान आणि चीनमधल्या कुटुंबांची तुलना करणाऱ्या हॅरल्ड स्टीव्हनसन आणि जेम्स स्टिगलर यांना १९८० च्या दशकात नेमकं हेच दिसलं होतं : पूर्व आशियातल्या आया यशाचं श्रेय मेहनतीला देतात, अमेरिकी आया उपजत बुद्धीला. आपण या बाबतीत अमेरिकेच्या बाजूला आहोत, आणि ते बदलायला पैसा लागत नाही.

बाकीच्या बदलासाठी चौकट मात्र आहे. ग्रामीण भागात केंद्रशाळा, केंद्रप्रमुख आणि दरमहा भरणारी शिक्षण परिषद आहे. मुंबईत वॉर्डनिहाय शाळा आणि त्यांच्यावरचे निरीक्षक आहेत, अंधेरीसाठी के, बोरिवलीसाठी आर मध्य, मुलुंडसाठी टी, घाटकोपरसाठी एन. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. १९७४ मध्ये सुरू झालेली ही संस्था ऑलिंपियाडसाठी जास्त ओळखली जाते. पण अपूर्णांक मुलांना कसे कळतात, शिक्षकाला गणित किती खोल माहीत असावं लागतं, धारावीत कामं करणारी मुलं मोजमापाचं काय शिकून येतात, यावर तिथे वर्षानुवर्षं संशोधन झालं आहे. घाटकोपरहून तिथे पोचायला फार वेळ लागत नाही. तिथलं संशोधन एन वॉर्डाच्या शिक्षकापर्यंत एखाद-दुसऱ्या प्रशिक्षणापुरतंच पोचलं, तर तो दोष संशोधकांचा नाही. परिषदांमध्ये परिपत्रकं वाचली जातात, माहिती गोळा होते, आणि गणिताच्या एखाद्या पानावर तासभर बोलणं शेवटच्या विषयात ढकललं जातं.

शेवटचा आक्षेप वेळेचा. शिक्षकाला दम घ्यायला फुरसत नाही आणि तुम्ही अभ्यासगट सांगता. हा आक्षेप शिक्षकाकडून येतो तेव्हा तो पूर्ण रास्त आहे, म्हणून मागणी त्याच्याकडे करून चालणार नाही. ती पालिकेच्या शिक्षण खात्याकडे, राज्याकडे आणि खासगी शाळांच्या व्यवस्थापनाकडे करावी लागेल. आठवड्यातला एक तास वेळापत्रकातच राखून ठेवावा, ज्यात एका वॉर्डातले दुसरीचे सगळे गणितशिक्षक, माध्यम कोणतंही असो, एकत्र बसतील, आणि त्या तासाला कोणतंही परिपत्रक, ॲप किंवा तपासणी शिरणार नाही. तिसरी-चौथीपासून गणिताला वेगळा शिक्षक देता येईल तिथे द्यावा. मोठ्या शाळांत ते आजही शक्य आहे. दरमहा भरमसाट फी घेणाऱ्या उपनगरी शाळांना पालकांनी प्रवेशाच्या वेळी बोर्ड कोणतं एवढंच न विचारता, तुमचे गणिताचे शिक्षक आठवड्यात किती वेळ एकत्र बसतात, हेही विचारावं. पहिल्या बैठकीसाठी विषय शोधायची गरज नाही : १३ वजा ७ दुसरीतल्या किती मुलांना बोटं न मोजता येतं, ज्यांना येत नाही ती कशी विचार करतात, आणि उद्या फळ्यावर त्यांच्यासाठी पहिलं उदाहरण कोणतं मांडायचं.